पट्टा मिरवायचा तर

२७ मार्च १८५८ रोजी फ्रेंच आरमाराने खलाशांच्या कपड्यांबद्दल एक फर्मान काढलं. कोटाच्या आत घालायच्या गंजीफ्रॉकचं वर्णन त्यात इतकं काटेकोर होतं, की ते समोर ठेवून आजही कुणी तसाच गंजीफ्रॉक विणू शकेल. अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येक २० मिलिमीटर रुंद. त्यांच्यामध्ये २० किंवा २१ गडद निळे पट्टे, प्रत्येक १० मिलिमीटरचा. बाह्यांवर १५ पांढरे आणि १४ किंवा १५ निळे. समुद्रात पडलेला माणूस पट्ट्यांमुळे लवकर दिसतो, नेपोलियनने २१ लढाया जिंकल्या म्हणून पट्टेही २१, अशा कहाण्या या गंजीफ्रॉकभोवती पुष्कळ सांगितल्या जातात. फर्मानाचा भर मात्र मापांवर आहे.

आणि या कपड्याचं पुढचं सगळं नशीब त्या मापांनीच घडवलं. पांढरा पट्टा निळ्याच्या दुप्पट रुंद आहे. त्यामुळे जमीन पांढरी आणि तिच्यावर रेघ निळी, हे नजरेला एका झटक्यात कळतं. दोन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे केले, तर जमीन कोणती आणि रेघ कोणती हे ठरत नाही. नजर एकीवरून दुसरीवर उड्या मारत राहते. रंग तेच, कापड तेच, पण पहिला गंजीफ्रॉक शांत वाटतो आणि दुसरा ओरडतो.

ठळक पट्ट्यांच्या कपड्यांबद्दल जे काही सांगायचं ते या फरकात आहे. पट्टा बघणाऱ्याच्या नजरेला चालवतो. तिला कुठून कुठे न्यायचं आणि कुठे थांबवायचं, हे घालणाऱ्याने ठरवलं तर पट्टा शोभतो. ते पट्ट्यावरच सोडलं, तर लोकांना आधी सदरा दिसतो आणि माणूस मागाहून.

बदनाम कापड

युरोपात पट्ट्याला प्रतिष्ठा मिळायला फार काळ लागला. १२५४ साली फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धावरून परतला, तेव्हा त्याच्याबरोबर कार्मेलाइट पंथाचे काही साधू पॅरिसला आले. त्यांच्या अंगावर पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांचे झगे होते. पॅरिसकरांनी त्यांची इतकी टिंगल केली की प्रकरण पोपपर्यंत गेलं. पट्टे सोडा, असा पोपचा सांगावा आला. साधू बधले नाहीत. शेवटी १२८७ मध्ये मोंपेलिए इथल्या सभेत पंथाने पांढरा झगा पत्करला आणि १२९५ मध्ये पोप आठवा बोनिफेस याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका झग्याच्या पट्ट्यांवरून चार दशकं वाद चालला.

फ्रेंच इतिहासकार मिशेल पास्तुरो यांनी १९९१ मध्ये पट्ट्यांच्या इतिहासावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच पट्ट्याला सैतानाचं कापड म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की मध्ययुगीन युरोपीय माणूस चित्र थराथराने वाचायचा. आधी मागची जमीन, मग तिच्यावरची आकृती. पट्ट्यात हे दोन थर वेगळे काढता येत नाहीत, आणि जे नीट वाचता येत नाही त्याचा त्याला संशय यायचा. म्हणून पट्टे वाट्याला आले विदूषकांच्या, जल्लादांच्या आणि वेश्यांच्या. समाजाला ज्यांना लांबून ओळखायचं होतं, त्यांच्या अंगावर पट्टे चढवले गेले.

हा हिशेब पुढे तुरुंगाने जसाच्या तसा उचलला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कैद्यांना आडव्या पट्ट्यांचे कपडे मिळू लागले. पळालेला कैदी गर्दीतही लपू नये, हा उद्देश. न्यूयॉर्कने १९०४ मध्ये ते बंद केले, पण सिनेमाने ते सोडले नाहीत. आपल्याकडच्या पडद्यावरचा कैदीही वर्षानुवर्षं पट्ट्यांतच वावरला. नाझी छळछावण्यांतल्या गणवेशावर निळे-करडे उभे पट्टे होते आणि ती आठवण युरोपात अजून ओली आहे. २०१४ मध्ये एका मोठ्या कंपनीने लहान मुलांसाठी पट्ट्यांचा सदरा बाजारात आणला, त्यावर छातीशी पिवळा तारा होता, नाझींनी ज्यूंना लावायला लावलेल्या ताऱ्यासारखा. संतापाची लाट उसळली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. पट्ट्याला स्मरणशक्ती असते, हे कपडे घडवणाऱ्यांनी विसरून चालत नाही.

पट्ट्याची बदनामी धुतली ती समुद्राने. खलाशांचा गंजीफ्रॉक किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी उचलला. मग सुट्टीला समुद्रावर येणाऱ्या श्रीमंतांच्या तो नजरेत भरला. कोको शनेलने १९१३ मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या गावात दुकान काढलं आणि खलाशांच्या, कोळ्यांच्या सुटसुटीत कपड्यांवरून बायकांसाठी कपडे बेतले. १९५२ मध्ये छायाचित्रकार रोबेर द्वानो याने पिकासोचं एक छायाचित्र काढलं. टेबलाशी बसलेला पिकासो, त्याच्या हातांच्या जागी टेबलावर ठेवलेले बोटांसारखे पाव आणि अंगात तोच पट्ट्यांचा सदरा. कष्टकऱ्याचा कपडा तोवर कलावंताचा झाला होता.

उभ्या रेघेची गोष्ट निराळी. गडद सुटावरची पांढरट उभी रेघ ही लंडनच्या बँकवाल्यांची खूण, आणि १९२०-३० च्या दशकांतल्या अमेरिकन गुंडांचीही. जुलै १९४० मध्ये चर्चिल इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फौजेची पाहणी करायला गेले असताना त्यांचं एक छायाचित्र निघालं. रेघांचा सूट, तोंडात सिगार, हातात टॉमी गन. इंग्रजांना त्यात खंबीर पंतप्रधान दिसला. जर्मन प्रचारखात्याने तेच छायाचित्र पत्रकावर छापलं, ते त्यांना गुंड म्हणून दाखवण्यासाठी. एकाच सुटातून दोन्ही अर्थ निघू शकले.

खेळाच्या मैदानावर तर पट्टा म्हणजे ओळखपत्रच. इटलीच्या युव्हेंटस क्लबचे खेळाडू सुरुवातीला गुलाबी सदरे घालत. धुण्यात ते विटायचे. १९०३ मध्ये संघातल्या जॉन सॅव्हेज या इंग्रज सदस्याने नॉटिंगहॅमच्या मित्राकडून नवे सदरे मागवले. तो मित्र नॉट्स काउंटी क्लबचा चाहता. त्याने आपल्या क्लबचे काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे सदरे पाठवून दिले. तेव्हापासून युव्हेंटसची ओळख तीच. समान रुंदीचे काळे-पांढरे पट्टे इथे मुद्दामच ओरडतात, कारण पास देणाऱ्याला आपला गडी डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसायला हवा.

आडवा पट्टा जाड दाखवतो?

कापडाच्या दुकानात पट्ट्यांचा तागा उलगडला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: आडवे पट्टे नकोत, जाड दिसतं. हा समज इतका पक्का आहे की तो तपासावासाही कुणाला वाटत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ याने तो १८६७ मध्येच तपासला होता. त्याने दाखवलं, की एकाच मापाचे दोन चौरस घेतले, एकात आडव्या रेघा भरल्या आणि दुसऱ्यात उभ्या, तर आडव्या रेघांचा चौरस उंच आणि निमुळता वाटतो, उभ्या रेघांचा रुंद वाटतो. आडव्या पट्ट्यांच्या झग्यांनी बायका उंच दिसतात, हेही त्याने तिथेच नोंदवलं आहे.

ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातले पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी २०११ मध्ये हा भ्रम कपड्यांच्या चित्रांवर पडताळून पाहिला. आडव्या पट्ट्यांनी आकृती जाड दिसते, याला त्यांच्या प्रयोगात आधार मिळाला नाही. निकाल हेल्महोल्ट्झच्या बाजूने झुकला. मग २०१३ मध्ये जपानमधल्या हिरोशी आशिदा आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अंगकाठीच्या आकृत्या घेतल्या. त्यांना आढळलं की सडपातळ आकृतीवर आडव्या पट्ट्यांचा हा फायदा दिसतो, स्थूल आकृतीवर तो ओसरतो, आणि सगळ्या माणसांच्या डोळ्यांना तो सारखा जाणवतही नाही.

मग दुकानातलं ते वाक्य आलं कुठून? कागदावरचा चौरस सपाट असतो, शरीर नसतं. आडवा पट्टा छातीवरून किंवा पोटावरून जाताना वाकतो. नकाशावरच्या समोच्च रेषा जशा डोंगराचा उंचवटा सांगतात, तसा वाकलेला पट्टा अंगाचा उंचवटा सांगतो. म्हणजे जाडी वाढवून दाखवण्याचा आरोप पट्ट्यावर करता येत नाही. जी गोलाई आहे ती तो प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. कापड अंगाला जितकं घट्ट, तितकं हे वाचन मोठ्याने. त्यामुळे पट्ट्यांच्या सदऱ्यात पहिला प्रश्न आडवा की उभा हा नसून घट्ट की सैल हा आहे. खांद्यावर नीट बसलेला आणि तिथून सरळ खाली पडणारा आडव्या पट्ट्यांचा सदरा बहुतेकांना शोभतो. अंगाला चिकटलेला उभ्या पट्ट्यांचाही शोभत नाही, कारण उभी रेघ पोटाशी फाकते आणि कमरेशी आत येते, म्हणजे तीही चुगली करतेच.

मागावर पट्टा कसा पडतो

विणकराच्या दृष्टीने पट्टा ही सगळ्यात स्वस्त नक्षी. उभ्या धाग्यांचा ताणा लावतानाच काही धागे वेगळ्या रंगाचे घेतले, की कापडाच्या लांबीभर पट्टा आपोआप पडत जातो. आडवा पट्टा हवा असेल तर बाण्याचा धागा मध्येच बदलायचा, म्हणजे हातातला धोटा बाजूला ठेवून दुसऱ्या रंगाचा उचलायचा. ताण्याचा पट्टा एकदाच ठरवावा लागतो, बाण्याचा दर वेळी. आपल्या घरोघरीच्या सतरंजीत बाणा इतका दाट ठोकलेला असतो की ताणा दिसतच नाही. म्हणून बाण्याचा रंग बदलला की आडवा भरीव पट्टा मिळतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या अनेक तुरुंगांत कैद्यांकडून अशा सतरंज्या आणि गालिचे विणून घेतले जात.

भारतात पट्ट्याला युरोपसारखी बदनामी कधी सोसावी लागली नाही, उलट त्याची ऐटच होती. गुजरातेत पाटण आणि मांडवीला विणला जाणारा मशरू पाहा. वरच्या अंगाला रेशमाचा ताणा, आतल्या अंगाला सुती बाणा. अंगाला निखळ रेशीम लागू नये, असा दंडक पाळणाऱ्या मुसलमान पुरुषांना हे कापड चालायचं. बाहेरून रेशमाची झळाळी आणि आतून सुताचा गारवा. त्यावरचे पिवळे, लाल, हिरवे, जांभळे पट्टे शेजारी शेजारी असे बसवलेले असतात की आजचा धीट शिंपीही दोनदा विचार करील. आपल्या औरंगाबादेतही हिमरूबरोबर मशरू विणला जाई. नागालँडच्या आओ लोकांत त्सुंगकोतेप्सू नावाची लाल-काळ्या पट्ट्यांची शाल आहे. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर मिथुन (तिकडचा गव्यासारखा प्राणी), वाघ, हत्ती, भाला अशी चित्रं. ती पूर्वी वाटेल त्याला पांघरता येत नसे. पराक्रमाने आणि मिथुनाचा बळी देऊन मेजवानी घातल्याने तो मान मिळवावा लागे.

तिरपा पट्टा साध्या मागावर सहजी मिळत नाही, तो रंगाऱ्याकडून मिळतो. राजस्थानात लहरिया करताना पातळ कापड एका कोपऱ्यापासून तिरपं गुंडाळतात, त्या गुंडाळीला ठरावीक अंतरावर दोऱ्याने करकचून बांधतात आणि रंगात बुडवतात. बांधलेल्या जागी रंग पोचत नाही. सोडलं की तिरप्या लाटा उमटतात. तेच कापड दुसऱ्या कोपऱ्यापासून पुन्हा गुंडाळून बांधलं की लाटा एकमेकींना छेदतात, आणि त्याला मोठडा म्हणतात. आपल्याकडच्या लग्नांत वऱ्हाड्यांच्या डोक्यावर लहरियाचे फेटे हल्ली सर्रास दिसतात. ते शोभतात, कारण फेटा बांधताना कापड पिळलं जातं, तिरपे पट्टे त्या पिळाबरोबर फिरतात आणि बांधणाऱ्याच्या हाताची घडी न् घडी उठून दिसते.

आपला पट्टा परदेशीही गेला. चोळमंडल किनाऱ्यावरचं पट्ट्यांचं सुती कापड डच आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत जपानला पोचलं. सेंट थॉमसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैलापूरच्या बंदरावरून त्याला तिकडे सांतोमे म्हणू लागले. एदो काळात तिथल्या सरकारने व्यापाऱ्यांना भपकेबाज रेशमी कपडे घालायला मनाई केली होती. मग शहरी रसिकांनी तपकिरी, करड्या, निळ्या रंगांतल्या उभ्या पट्ट्यांत आपली ऐट शोधली. जपानी तत्त्वज्ञ कुकी शुझो याने १९३० मध्ये या शहरी रसिकतेवर पुस्तक लिहिलं, त्यात उभ्या पट्ट्याला आडव्यापेक्षा वरचं स्थान दिलं आहे. बंदी असताना शोधलेली ऐट असल्यामुळे तिच्यात संयम होता.

साडीत पट्टा वळतो

शिवलेल्या कपड्यात उभा पट्टा उभाच राहतो. साडीत तसं होत नाही, आणि ही गोष्ट साडी घेताना अनेकींच्या ध्यानात येत नाही. साडीची लांबी कमरेभोवती फिरते आणि पन्हा कमरेपासून पायापर्यंत येतो. म्हणजे साडीच्या लांबीला समांतर जाणारे, ताण्याचे पट्टे नेसल्यावर कमरेखाली आडवे होतात. बाण्याचे पट्टे, जे दुकानदाराने गादीवर साडी पसरल्यावर काठापासून काठापर्यंत जाताना दिसतात, ते नेसल्यावर उभे होतात.

आता पदराकडे या. पदर छातीवरून खांद्यावर चढतो आणि पाठीवर सोडला जातो, तेव्हा साडीची दिशा बदलते. लांबीचे पट्टे, जे खाली आडवे होते, ते छातीवर तिरपे चढतात आणि पाठीवर उभे लोंबतात. पन्ह्याचे पट्टे, जे निऱ्यांत उभे होते, ते पदरावर आडवे येतात. इरकलीच्या लाल पदरातले पांढरे पट्टे असेच पन्ह्याचे, म्हणून पाठीवर सोडलेल्या पदरावर ते आडवे उठून दिसतात. एकाच साडीत पट्टा तीन दिशांना जातो, तेही एक टाका न घालता.

निऱ्यांत आणखी एक गंमत होते. पन्ह्याच्या पट्ट्यांची निरी घालताना निरीची रुंदी आणि पट्ट्यांचं अंतर जुळलं, तर दर निरीच्या कडेला एकच रंग येतो आणि उभी असताना बाई एका रंगात दिसते. पाऊल टाकलं की निऱ्या उघडतात आणि आतला दुसरा रंग चमकून जातो. ठळक पट्ट्यांची सुती साडी नेसणाऱ्या जाणत्या बायका निऱ्या बोटांवर न मोजता पट्ट्यावर मोजतात, ते यासाठी. पदर मात्र अशा साडीचा मोकळाच सोडावा. बारीक चुण्या घालून पिनेने खांद्यावर बसवला तर पट्टे मोडतात आणि नुसता गोंधळ उरतो.

कात्रीखाली

फुलाफुलांचं कापड शिंप्याच्या चुका पोटात घालतं. पट्टा त्या चारचौघांत मांडतो. म्हणून पट्ट्यांचा कपडा चांगला शिवला आहे का, हे पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. शर्ट असेल तर आधी छातीवरचा खिसा. खिशाचे पट्टे मागच्या पट्ट्यांशी इतके एकजीव हवेत की खिसा शोधावा लागला पाहिजे. मग बटनपट्टी. आडव्या पट्ट्यांत डावा आणि उजवा भाग एका रेषेत यायला हवा. उभ्या पट्ट्यांत बटनपट्टीच्या मधोमध एक पूर्ण पट्टा बसला की शर्ट घरंदाज वाटतो. कॉलरची दोन टोकं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी हवीत. बाही आणि अंग सगळीकडे जुळणं अशक्य असतं, कारण बाहीचा माथा गोल कापलेला असतो; पण समोरून पाहताना काखेच्या वरच्या बाजूला आडवे पट्टे जुळवता येतात.

या सगळ्याला कापड जास्त लागतं. शिंपी पाव-अर्धा मीटर जादा मागतो, तेव्हा तो लबाडी करत असतोच असं नाही. पट्ट्यांचा एक फेरा जितका मोठा, तितकं कापड प्रत्येक तुकडा सरकवून जुळवताना वाया जातं. कापड घेताना त्या फेऱ्याचा क्रमही पाहून ठेवावा. लाल-पांढरा-निळा-पांढरा-लाल हा क्रम कुठूनही वाचला तरी तोच राहतो, तो कुठल्याही शिवणीवर जुळतो. लाल-निळा-पांढरा, लाल-निळा-पांढरा असा एकाच दिशेने जाणारा क्रम डाव्या-उजव्या बाजूंना सारखा बसवणं फार अवघड असतं. तिथे शिंप्याला दोष देण्यात अर्थ नाही.

उरेब कापलेल्या कापडात पट्टा तिरपा होतो आणि मधल्या शिवणीवर दोन्ही बाजूंचे पट्टे भेटून बाणाचं टोक तयार होतं. टोक खाली असेल तर नजर खाली जाते, वर असेल तर वर. कळीदार घागऱ्यात किंवा स्कर्टमध्ये हे फार सुंदर दिसतं. कटोरी ब्लाउजला मात्र ठळक पट्टा देऊ नये. कटोरीचे लहान तुकडे पट्टा चार ठिकाणी तोडतात. पट्ट्यांच्या कापडाचा ब्लाउज साध्या टक्सचा शिवावा आणि बाहीला पट्टे आडवे घ्यावेत; अंगाला उभे आणि बाहीला आडवे एवढ्यानेच तो नेटका दिसतो.

तयार होजिअरीच्या टी-शर्टमध्ये शिंप्याचा प्रश्न नाही, पण दुसरा आहे. गोल विणणाऱ्या यंत्रावर एकाच वेळी अनेक धागे चालतात, त्यामुळे तिथे आडवा पट्टा खरं तर अगदी किंचित चढत जाणारा असतो. शिवाय सुतातला पीळ धुतल्यावर मोकळा होऊ पाहतो आणि बाजूची शिवण पोटाकडे सरकते. साध्या टी-शर्टमध्ये हे कुणाला कळत नाही, पट्ट्यांच्या टी-शर्टमध्ये दोन धुण्यांत कळतं. घेतानाच शिवण काखेपासून सरळ खाली येते का हे पाहावं.

विणलेला पट्टा आणि छापलेला पट्टा यांतला फरकही दुकानातच ओळखता येतो. कापड उलटं करा. रंगीत सुताने विणलेला पट्टा दोन्ही बाजूंना सारखा असतो. छापलेला मागून फिका असतो. छापलेला पट्टा धाग्यांशी थोडा तिरका गेलेला असेल, तर शिंपी धागा सरळ धरील किंवा पट्टा, दोन्ही नाही.

अंगावर घालताना

ठळक पट्ट्यांचा कपडा अंगावर एकच असावा, हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो. बाकीचे कपडे सपाट रंगाचे, आणि तो रंग शक्यतो पट्ट्यातल्याच कमी वापरलेल्या रंगातून उचललेला. पिवळ्या जमिनीवर जांभळी रेघ असेल तर ओढणी जांभळी घ्यावी, पिवळी घेतली तर पट्टा फिका पडतो.

दोन पट्टे एकत्र घालायचेच असतील तर त्यांच्या रुंदीत मोठा फरक हवा. बोटभर रुंद पट्ट्यांच्या कुर्त्यावर केसासारख्या बारीक रेघांचं जाकीट चालतं. जवळपास सारख्या रुंदीचे दोन पट्टे शेजारी आले की ते भांडतात. पट्टा आणि फुलं ही जोडी भीती वाटते त्यापेक्षा सोपी आहे. एखादा रंग दोन्हींत सारखा असला आणि फुलं पट्ट्याच्या रुंदीपेक्षा चांगली मोठी असली की जमून जातं. खणाच्या ब्लाउजवर पट्ट्यांची सुती साडी शोभते, ती मात्र उलट कारणाने. खणाची नक्षी इतकी बारीक असते की लांबून ती एक रंग म्हणूनच वाचली जाते.

बघणारा किती अंतरावर असेल, याचाही विचार करावा. शर्टाच्या कापडांत पट्ट्यांची साधारण मापं ठरलेली आहेत. कँडी स्ट्राइप सुमारे तीन मिलिमीटर, बेंगॉल स्ट्राइप सुमारे सहा, त्याहून मोठे ते ठळक. निळी-पांढरी बारीक रेघ पाच-सात पावलांवरून फिकट निळी दिसू लागते. ठळक पट्टा रस्त्यापलीकडूनही पट्टाच राहतो. जानेवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या बंदगळ्यावरच्या उभ्या रेघांची देशभर चर्चा झाली, कारण जवळून घेतलेल्या छायाचित्रांत त्या रेघा म्हणजे त्यांच्याच नावाची अक्षरं निघाली. सूट पुढे सुरतेच्या लिलावात ४.३१ कोटी रुपयांना गेला. लांबून ज्याला रेघ म्हणावं, ते जवळून मजकूर निघू शकतं.

कॅमेऱ्यापुढे हिशेब उलटतो. बारीक रेघा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बारीक जाळीशी टकरावतात आणि पडद्यावर थरथरणाऱ्या लाटा उठतात. वृत्तनिवेदकांना बारीक पट्टे घालू नका असं सांगतात ते यासाठी. व्हिडिओवर मुलाखत द्यायची असेल तर ठळक, रुंद पट्टा बारीक रेघेपेक्षा सुरक्षित.

कचेरीत पट्टा घालताना फरक रंगातला कमी करावा, रुंदीतला नाही. गडद निळ्यावर फिकट निळा रुंद पट्टा भारदस्त दिसतो; काळ्यावर पांढरा तोच पट्टा मैदानावरचा वाटतो. टायचा तिरपा पट्टा मात्र जपून निवडावा. ब्रिटनमध्ये असे पट्टे पलटणींचे, शाळांचे आणि क्लबांचे असतात. लॉर्ड्सवरच्या एमसीसीच्या सदस्यांचा लाल-पिवळा टाय क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाने पाहिला असेल. ब्रिटिश टायवर पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली उतरतात. अमेरिकेत ब्रुक्स ब्रदर्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिशा उलटी करून टाकली, म्हणजे कुणी दुसऱ्याच्या पलटणीचा मान लाटला असं होऊ नये.

धुण्याबद्दल एवढंच, की गडद आणि पांढरा शेजारी असलेल्या कपड्यात पांढऱ्याला धोका असतो. घेण्याआधी ओला पांढरा रुमाल गडद पट्ट्यावर घासून पाहावा. रंग उतरत असेल तर भिजत घालू नये, गार पाण्यात पटकन धुवावा आणि पिळून गोळा न ठेवता लगेच पसरावा. ओली घडी एकावर एक राहिली की लाल पट्टा पांढऱ्याला गुलाबी करून सोडतो, आणि मग पट्ट्याचा सगळा तोरा, जो दोन रंगांच्या स्पष्ट फरकावर उभा असतो, निघून जातो.

हे सगळं सांभाळायला जमलं, की आडवा-उभा आणि जाड-बारीक यांची धास्ती आपोआप कमी होते. कापड खांद्यावर टाकून आरशापासून पाच पावलं मागे जावं आणि नजर आधी कुठे जाते ते पाहावं. चेहऱ्याकडे जात असेल तर कापड घ्यावं. पोटाशी अडत असेल तर पट्टा तोच ठेवून कापड सैल शिवावं, किंवा तेच कापड ओढणीला वापरावं. उभे आणि आडवे पट्टे एकमेकांना छेदू लागले की नजरेला एकच वाट उरत नाही आणि हिशेब बदलतो. दक्षिणेतल्या लुंगीपासून स्कॉटलंडच्या टार्टनपर्यंत पसरलेल्या त्या चौकड्याला पुढचं प्रकरण स्वतंत्र दिलं आहे.